जुनी पिस्तुले आणि काडतुसाचा प्रश्न

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी 'वेब्ली अँड स्कॉट' या कंपनीने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घडविलेले एखादे अर्धस्वयंचलित पिस्तूल आज कोणाच्या कपाटात निघाले, तर ते काय समजावे? या साध्या प्रश्नाचे उत्तर ते कपाट कोणत्या देशात आहे, यावर अवलंबून आहे. अमेरिकेत ती संग्राहकाच्या हौसेची वस्तू ठरते. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांच्या संग्रहासाठी तेथे स्वतंत्र परवाना मिळतो आणि तीन वर्षांस त्याचे शुल्क अवघे ३० डॉलर पडते. ब्रिटनमध्ये, म्हणजे ते जेथे जन्मले त्याच भूमीवर, काही अपवाद वगळता ते निषिद्ध शस्त्र ठरते आणि ते विनाअधिकार बाळगणाऱ्या प्रौढास, अपवादात्मक परिस्थिती नसेल तर, किमान पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. भारतात परवानाधारकाजवळ असेल, तर आयातबंदीमुळे त्याला मूळ किमतीच्या कित्येक पट भाव येतो. पोलाद तेच, घडण तीच आणि कारागीरही तेच. मोल मात्र तीन देशांत तीन प्रकारचे.

वस्तूचे मोल तिच्या अंगच्या गुणांपेक्षा तिच्याभोवती उभ्या केलेल्या कायद्याने ठरते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. तथापि प्रश्न केवळ किमतीचा नाही. एका बाजूला इतिहासाची साधने जतन करण्याची रास्त इच्छा आहे, तर दुसऱ्या बाजूला निरपराध माणसांचे प्राण आहेत. या दोहोंत रेषा कोठे ओढावी, यावर ब्रिटनमध्ये गेली तीस वर्षे विचार चालू आहे. आपल्याकडेही शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली व त्यापाठोपाठ जुन्या शस्त्रांविषयी नवे नियम आले. म्हणून या विषयाची छाननी अप्रस्तुत ठरू नये.

अपयशातून आलेली दुर्मिळता

प्रथम या वस्तूची ओळख करून घेतली पाहिजे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याच्या बळावर रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि दुसरे आपोआप नळीत चढते. प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र नव्याने ओढावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती युरोपात साध्य झाली. जर्मनीत मौझर व लुगर, बेल्जियममध्ये ब्राउनिंग आणि पुढे अमेरिकेत कोल्ट यांनी तिच्या जोरावर मोठ्या बाजारपेठा काबीज केल्या. ब्रिटनला मात्र या स्पर्धेत मागेच राहावे लागले.

तेथील पहिला मोठा प्रयत्न ह्यू गॅबेट-फेअरफॅक्स यांच्या 'मार्स' पिस्तुलाचा. आपल्या काळातील ते सर्वांत शक्तिशाली पिस्तूल होते. परंतु त्याचा धक्का इतका जबर आणि यंत्ररचना इतकी गुंतागुंतीची होती की, सैनिकी चाचण्यांत ते नाकारले गेले. १९०२ साली संशोधकाचे दिवाळे निघाले. पुढे त्यासाठी उभारलेले मंडळही १९०७ पर्यंत गुंडाळले गेले. एकूण पिस्तुले तयार झाली ती सुमारे ८०.

वेब्ली अँड स्कॉट कंपनी १८९७ साली तीन जुन्या पेढ्यांच्या एकत्रीकरणातून निर्माण झाली होती. तिचे अभियंते विल्यम जॉन व्हायटिंग यांनी अधिक व्यवहारी मार्ग धरला. त्यांचे ०.३२ इंची लहान पिस्तूल १९०५ च्या सुमारास बाजारात आले. डिसेंबर १९१० मध्ये लंडनच्या हाउंड्सडिच भागात दरोडेखोरांनी तीन पोलिसांना ठार केले आणि जानेवारी १९११ मध्ये सिडने स्ट्रीटवरील प्रसिद्ध वेढ्यात पोलिसांची शस्त्रे किती जुनाट आहेत, हे साऱ्या जगाला दिसले. त्यानंतर लंडनच्या महानगर पोलिसांनी हेच ०.३२ इंची वेब्ली स्वीकारले. १९१२ साली शाही आरमाराने याच घराण्यातील ०.४५५ इंची थोरले पिस्तूल घेतले. सुमारे एक किलोपेक्षा अधिक वजनाचे, हाताशी जवळजवळ काटकोनात बसणारे हे पिस्तूल दणकट खरे. परंतु त्याचे भाग इतके घट्ट बसविलेले असत की चिखलमातीत ते अडून बसे. भूदलाने ते सर्वसाधारण वापरासाठी कधीच स्वीकारले नाही. ब्रिटिश सैनिकाच्या कमरेला दुसऱ्या महायुद्धापर्यंत मुख्यतः रिव्हॉल्व्हरच राहिले.

संग्राहकांना या पिस्तुलांचे आकर्षण का वाटते, याचा उलगडा या अपयशात आहे. ज्या वस्तूचे लाखो नग निघाले तिचे अप्रूप कोणाला? जिच्या मागे एका उद्योगाची धडपड, राज्यकर्त्यांचा संशय आणि कारागिरांचे कसब आहे आणि जिचा पुरवठा आता एकानेही वाढणे शक्य नाही, तिची गोडी वेगळीच. संग्राहक अशा पिस्तुलावरील अनुक्रमांक पाहतो, १८१३ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची मुद्रा तपासतो, पोलिसांची वा आरमाराची खूण शोधतो. त्या खुणांवरून तो एका वस्तूचा जीवनक्रम जुळवितो. नाणी व ताम्रपट वाचणाऱ्याच्या व्यासंगाहून हा व्यासंग जातीने निराळा नाही. फरक एवढाच की, नाण्याने कोणाचा प्राण जात नाही.

परवान्यापासून बंदीपर्यंत

खिशात मावणाऱ्या शस्त्राची धास्ती राज्यसंस्थेला आरंभापासूनच होती. आपल्या इतिहासातही तिचा पडसाद आहे. लंडनहून गुप्तपणे पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांची कथा आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात झालेला कलेक्टर जॅक्सनचा वध मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. तरीही खुद्द ब्रिटनमध्ये १९०३ च्या पिस्तूल कायद्यानंतरही टपाल कचेरीत दहा शिलिंग भरून परवाना घेतला की पिस्तूल विकत घेता येई. पहिल्या महायुद्धानंतर हे बदलले. लाखो सैनिक घरी परतले होते, रशियात क्रांती झाली होती आणि मंत्रिमंडळाला अशांततेचे भय वाटत होते. १९२० च्या कायद्याने शस्त्र बाळगण्यास पोलीसप्रमुखाचा दाखला आवश्यक ठरविला. १९६८ च्या कायद्याने ही सारी व्यवस्था एकत्र आणली.

मग १३ मार्च १९९६ चा दिवस उजाडला. स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माथेफिरूने १६ बालके आणि त्यांच्या शिक्षिका यांची हत्या केली. त्याच्याजवळची चारही हस्तशस्त्रे परवान्याची होती. साऱ्या देशाचे काळीज हादरले. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर १९९७ साली दोन कायदे झाले. मेजर सरकारच्या पहिल्याने ०.२२ इंचाहून मोठ्या तोंडाची हस्तशस्त्रे निषिद्ध केली, ब्लेअर सरकारच्या दुसऱ्याने उरलेलीही केली. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड यांपुरता हा निर्णय होता. उत्तर आयर्लंड त्यातून वगळले गेले. सुमारे १,६२,००० हस्तशस्त्रे सरकारजमा झाली आणि भरपाईपोटी नऊ कोटी पौंडांच्या आसपास रक्कम खर्ची पडली.

ही भरपाई अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. कालपर्यंत कायदेशीर असलेली मालमत्ता आज राज्याने बेकायदा ठरविली, तर तिचे मोल कोणी व कसे चुकवावे? ब्रिटिश सरकारने तीन मार्ग ठेवले होते. सरसकट ठरावीक रक्कम घ्यावी, प्रसिद्ध केलेल्या दरपत्रकाप्रमाणे घ्यावी किंवा स्वतंत्र मूल्यमापन करून घ्यावे. सामान्य नगासाठी पहिला मार्ग सोयीचा, दुर्मिळासाठी तिसरा. जनतेच्या सुरक्षिततेचा खर्च जनतेने उचलावा, केवळ काही हजार व्यक्तींवर तो लादू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले. दुसऱ्या बाजूने पाहता, भट्टीत गेलेले दुर्मिळ पिस्तूल कोणत्याही रकमेने परत येत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणूनच १९९७ च्या कायद्याच्या सातव्या कलमात ऐतिहासिक शस्त्रांसाठी दोन दारे उघडी ठेवण्यात आली. १ जानेवारी १९१९ पूर्वी बनलेले आणि ज्याची काडतुसे सहज मिळत नाहीत असे हस्तशस्त्र, दाखला घेऊन, घरी ठेवता येते. अट अशी की त्याचे काडतूस जवळ असता कामा नये. विशेष दुर्मिळ, कलापूर्ण, तांत्रिक वा ऐतिहासिक महत्त्वाचे शस्त्र झाडूनही पाहता येते. परंतु ते सरे परगण्यातील बिस्लीसारख्या नेमून दिलेल्या ठिकाणीच ठेवावे लागते व तेथेच वापरावे लागते. थोडक्यात, घरी पिस्तूल असेल तेथे काडतूस नाही आणि जेथे काडतूस आहे तेथून पिस्तूल घरी नेता येत नाही.

कंदील आणि रॉकेल

या तरतुदीमागील विचार सोप्या भाषेत मांडता येतो. पिस्तूल आणि काडतूस या अर्थशास्त्राच्या परिभाषेत पूरक वस्तू आहेत. जसे कंदील आणि रॉकेल. ज्याला उजेड हवा त्याला रॉकेलावाचून कंदील निरुपयोगी. परंतु ज्याला जुने कंदील जमविण्याचा छंद आहे, त्याला रॉकेलाची गरज नाही. नेमका हाच भेद येथे लागू पडतो. गुन्हेगाराची पिस्तुलाची मागणी सर्वस्वी काडतुसावर अवलंबून असते; संग्राहकाची तशी नसते. तेव्हा या दोन प्रकारच्या मागण्या एकमेकींपासून वेगळ्या करावयाच्या असतील, तर कायद्याने आपली नजर काडतुसावर रोखली पाहिजे.

या कसोटीवर ब्रिटिश पिस्तुले घासून पाहिली की एक गमतीचा विरोधाभास हाती येतो. आपल्या काळी सर्वांत भयंकर असलेले 'मार्स' आज जवळजवळ सर्वांत निरुपद्रवी आहे, कारण त्याची काडतुसे बाजारातून केव्हाच नाहीशी झाली. उलट पोलिसांच्या खिशातले ०.३२ इंची लहानगे वेब्ली अधिक धोक्याचे, कारण ब्राउनिंगने रूढ केलेले त्याचे काडतूस आजही जगभर बनते व विकले जाते. आरमाराचे ०.४५५ इंची पिस्तूल या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. वय, आकार आणि रूपाचा उग्रपणा यांवरून धोका मोजणारा माणूस येथे हमखास चुकेल.

परंतु हा युक्तिवाद येथेच संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण त्याला एक भक्कम उत्तर आहे. बाजारात न मिळणारे काडतूस हाताने बनविता येते. ही शक्यता काल्पनिक नाही. ग्लॉस्टरशायरमधील एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्यास २०१७ साली बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने ३० वर्षांची शिक्षा ठोठावली. जुन्या शस्त्रांसाठी घरच्या कार्यशाळेत काडतुसे तयार करून ती शस्त्रांसह गुन्हेगारी टोळ्यांपर्यंत पोहोचविणे, हा त्याचा उद्योग होता. त्याच्या काडतुसांच्या खुणा शंभरांहून अधिक गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळाल्या. ज्या शहराने शतकभर जगाला पिस्तुले पुरविली, त्याच बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर जुनी शस्त्रे नव्या काडतुसांनिशी परतली होती. संग्राहकांच्या नावाने मिळणाऱ्या सवलतीचा आडोसा घेऊन हा व्यापार चालला, ही बाब संग्राहकांच्या कैवाऱ्यांनीही विसरून चालणार नाही.

तोवर 'पुरातन शस्त्र' म्हणजे काय, याची व्याख्याच ब्रिटिश कायद्यात नव्हती. गृहखात्याच्या मार्गदर्शक सूचनांवर काम भागविले जाई. विधी आयोगाने डिसेंबर २०१५ च्या अहवालात या उणिवेवर बोट ठेवले होते. अखेर २२ मार्च २०२१ पासून नवे नियम अमलात आले. शस्त्र १ सप्टेंबर १९३९ पूर्वी बनलेले असावे आणि त्याचे काडतूस कालबाह्य काडतुसांच्या अधिकृत यादीत असावे, या दोन्ही अटी त्यात आहेत. पूर्वी यादीत असलेली, परंतु गुन्ह्यांत आढळू लागलेली सात प्रकारची काडतुसे वगळण्यात आली. त्या शस्त्रांच्या मालकांना दाखला घेण्यास वा शस्त्राची विल्हेवाट लावण्यास सहा महिन्यांची मुदत मिळाली. या बदलाचे महत्त्व असे की, यादी ही शिळेवर कोरलेली आज्ञा राहिली नाही. गुन्ह्यांचा अनुभव येईल तशी ती पालटेल. जी वस्तू काल निरुपद्रवी होती ती आज तशी राहीलच असे नाही, हे कायद्याने मान्य केले.

बंदीने नेमके काय साधले, हेही तटस्थपणे सांगितले पाहिजे. १९९७ नंतरची पहिली काही वर्षे हस्तशस्त्रांचे गुन्हे वाढतच गेले आणि नंतर ते उतरले. त्यावरून बंदी निष्फळ ठरली असे कोणी म्हणतात, तर डनब्लेननंतर ब्रिटनमधील एकाही शाळेत तसे हत्याकांड घडले नाही, याकडे दुसरे बोट दाखवितात. दोन्ही विधाने खरी आहेत आणि ती परस्परविरोधी नाहीत. टोळ्यांना शस्त्रे पुरविणारा बाजार मुळातच परवान्याबाहेरचा होता. त्यावर परवानाधारकांवरील बंदीचा परिणाम मर्यादित राहणार हे उघडच आहे. परवान्याच्या शस्त्राने एका दिवसात घडणारा अनर्थ हा निराळा धोका आहे आणि बंदीचा रोख त्याच्यावर होता. एका औषधाला दोन रोगांच्या मोजपट्टीने मोजू नये.

आपल्यापुरता बोध

भारताचा अनुभव याहून वेगळा आणि काही बाबतींत विचित्र आहे. १८७८ च्या कायद्याने राज्यकर्त्यांनी शस्त्राचा परवाना हा वंशभेदाचा विषय केला होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. १९८० च्या दशकाच्या मध्यास खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करण्यास, नामांकित नेमबाजांसारखे अपवाद सोडता, मनाई झाली. त्यामुळे देशात आधीच असलेल्या परदेशी पिस्तुलांचा साठा गोठला. मागणी वाढती आणि पुरवठा स्थिर असला की भाव चढणारच. वेब्लीचे जुने पिस्तूल येथे महाग आहे ते त्याच्या इतिहासामुळे नव्हे, तर नवे परदेशी पिस्तूल मिळत नाही म्हणून. दुर्मिळतेचा हा नफा कारागिराला वा सरकारला मिळत नाही. ज्याच्या वाडवडिलांजवळ परवाना होता, त्याला तो बसल्या जागी मिळतो. आणि गुन्ह्यांत सापडणारी शस्त्रे बहुतांशी बिनपरवाना गावठी कट्टे असतात, ज्यांच्या पुरवठ्यास या आयातबंदीने बाधा येत नाही.

१९८३ साली व्यक्तीमागे तीन शस्त्रांची मर्यादा घातली गेली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली आणि वारसाने आलेल्या शस्त्रांनाही लागू केली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्रालयाने 'क्युरिओ' या वर्गातील लहान शस्त्रे भारतीय नागरिकांस परवान्याविना बाळगण्यास मुभा दिली. ती वापरावयाची वा इतरत्र न्यावयाची तर परवाना हवा आणि परवान्यावर नोंद नसेल तर त्या शस्त्राची काडतुसे विकली जाणार नाहीत, असेही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले. म्हणजे नकळत का होईना, आपणही काडतुसाच्याच रेषेवर येऊन ठेपलो आहोत. ही दिशा योग्य आहे. परंतु ब्रिटनचा अनुभव पाहता तेवढ्याने भागणार नाही. कोणती काडतुसे खरोखर कालबाह्य आहेत, याची यादी हवी. ती गुन्ह्यांच्या अनुभवानुसार वेळोवेळी तपासली जावी. आणि सवलत घेणाऱ्याच्या संग्रहाची नोंद व पाहणी व्हावी. या पाहणीचा खर्च संग्राहकाने सोसावा, हे न्याय्य आहे. छंदाचा आनंद त्याचा आहे. त्यातील जोखीम मात्र शेजाऱ्यांच्याही वाट्याला येते.

शेवटचा मुद्दा सार्वजनिक संग्रहालयांचा. डनब्लेनची घटना घडली त्याच वर्षी लीड्स येथे शाही शस्त्रागाराचे नवे संग्रहालय उघडले आणि संरक्षण खात्याचा नमुनासंग्रहही पुढे तेथेच गेला. खासगी संग्राहक म्हातारा होतो, त्याच्या मुलाबाळांना त्या वस्तूंची गोडी असतेच असे नाही आणि नेमक्या अशा वेळी दुर्मिळ पिस्तुले एक तर वितळतात किंवा भलत्या हाती पडतात. आपल्याकडे दोन शस्त्रांच्या मर्यादेमुळे अनेक घराण्यांना हीच निवड करावी लागली असेल. अशा वेळी वस्तू पारखून घेणारे, तिची नोंद ठेवणारे व मालकास वाजवी मोबदला देणारे संग्रहालय हाच सर्वांत सुरक्षित वारस होय. तशी व्यवस्था राज्याने जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, तरी निदान राजधानीत उभारावी.

वेब्ली अँड स्कॉटने १९७९ साली बंदुका-पिस्तुलांचे उत्पादन थांबविले. त्या कारखान्यातून निघालेल्या वस्तूंना आता इतिहासाचे मोल आहे आणि ते जपण्यात गैर काही नाही. मात्र समाजाने संग्राहकास सवलत द्यावयाची ती एका करारावर द्यावी: पिस्तूल त्याचे, काडतुसावरचा ताबा समाजाचा. या कराराची दुसरी बाजू जोवर काटेकोरपणे पाळली जाईल, तोवरच पहिली बाजू टिकेल.